संगणकाचा गाभारा

निम्मा लेख लिहून झाला होता आणि पडदा निळा झाला. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. संगणक पुन्हा सुरू केला तर अपडेट चालू झालं आणि टक्केवारीचा आकडा वीस मिनिटं जागचा हलला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, ‘लॅपटॉप जुना झालाय, नवीन घ्या.’ मला ते पटेना. कीबोर्ड, पडदा, बॅटरी सगळं ठणठणीत होतं. मग बिघडलं होतं ते नेमकं काय? त्या शोधात जे कळलं, त्याने मी आजही थक्क होतो.

एखाद्या देवळाची रचना डोळ्यांसमोर आणा. सभामंडपात कुणीही यावं. गाभाऱ्यात प्रवेश फक्त पुजाऱ्याला. संगणकाच्या प्रोसेसरमध्येही अशीच सीमा असते आणि ती थेट सिलिकॉनमध्ये कोरलेली असते. ब्राउझर, टायपिंगचा किंवा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम हे सगळे सभामंडपातले. डिस्कला त्यांना परस्पर हात लावता येत नाही. साधी फाइल उघडायची तरी गाभाऱ्यातल्या ‘कर्नल’कडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, विनंती करावी लागते. आपण एक वाक्य टाइप करेपर्यंत अशा हजारो विनंत्या येतात, तपासल्या जातात आणि पुऱ्या होतात.

सभामंडपातला एखादा प्रोग्रॅम कोसळला, तर कर्नल त्याला बाजूला करतो. बाकीच्यांचं काम चालू राहतं. पण ग्राफिक्स, वाय-फाय अशा भागांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्रॅम, बहुधा गाभाऱ्यातच वावरतात. त्यांतल्या एखाद्याने मेमरीत भलतीकडेच काही लिहिलं, तर कर्नलला स्वतःवरही विश्वास ठेवता येत नाही. तसंच पुढे रेटलं तर डिस्कवरच्या फायली बिघडू शकतात. म्हणून तो सगळं जागच्या जागी थांबवतो. ज्या निळ्या पडद्यावर मी चिडत होतो, तो खरं तर माझ्या फायली वाचवण्यासाठीच आलेला होता!

गाभाऱ्यातली एक चूक केवढी महाग पडते, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक भाग कर्नलमध्ये चालत होता. त्याला सदोष अपडेट मिळालं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

पण खरी नवलाई पुढेच आहे. ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राला कायमची चिकटवलेली नसते. बटण दाबताच मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे ते शोधतो. ती डिस्कवर सापडो की पेन ड्राइव्हवर, तिचा कर्नल मेमरीत चढतो आणि यंत्राचा ताबा घेतो. म्हणजे देऊळ तेच ठेवून गाभारा बदलता येतो.

असा एक पर्याय म्हणजे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी छंद म्हणून कर्नल लिहायला घेतला. पहिली आवृत्ती जेमतेम दहा हजार ओळींची होती. तिकडे अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन १९८३पासून ‘ग्नू’ ही मुक्त प्रणाली उभारत होते. तिची बाकी बरीच साधनं तयार होती, उणीव होती ती चालत्या कर्नलची. १९९२मध्ये लिनक्सने ग्नूचा परवाना स्वीकारला. कुणीही हा कोड वाचावा, बदलावा, वाटावा. आज तोच कर्नल प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. नोव्हेंबर २०१७पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक त्याच्यावर चालतात. २०२१मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्येही तोच होता.

लिनक्सही कधी कोसळतो; त्याला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. कार्यालयातली काही सॉफ्टवेअर आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांवरचं मराठी डीटीपीचं काम त्याच्यावर अडतं. युनिकोड मराठी मात्र इनस्क्रिप्ट कीबोर्डवर सहज लिहिता येते.

मी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स घेतला आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू केला. डिस्कला धक्काही न लावता सगळी प्रणाली पेन ड्राइव्ह आणि मेमरी यांच्या आधारे उभी राहिली. वाय-फाय जोडलं गेलं, पडद्यावर देवनागरी उमटली. ज्याला मोडीत काढायला सांगितलं होतं, ते यंत्र धडधाकट होतं.

तुमचाही संगणक असाच छळत असेल, तर नवा घेण्याआधी ही परीक्षा जरूर करा. पेन ड्राइव्ह रिकामा घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. नुसतं चालवून पाहा; ‘इन्स्टॉल’चं बटण फायलींची प्रत दुसरीकडे ठेवल्याशिवाय दाबू नका. नाही आवडलं, तर पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू करा. तुमची जुनी प्रणाली होती तशीच समोर येईल.