चिनी देवमंडळातील आपली दैवते

कोयनानगराहून पाटणमार्गे कऱ्हाडास उतरणाऱ्या प्रवाशास आगाशिवच्या डोंगरातील प्राचीन बौद्ध लेणी आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावरील देवालये यांचा शेजार आजही पाहावयास मिळतो; आणि सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूनेही महाराष्ट्राच्या वर्णनात सुमारे १०० विहार व जवळजवळ तितकीच देवमंदिरे यांची नोंद केली आहे. हा बौद्ध भिक्षू ६४५ मध्ये स्वदेशी परतला आणि ६४८ मध्ये त्याने वैशेषिक दर्शनाच्या ‘दशपदार्थी’ या ग्रंथाचेही चिनी भाषांतर केले. मूळ संस्कृत ग्रंथ पुढे लुप्त झाला, आणि आज तो जो काही उपलब्ध आहे तो या भाषांतरामुळेच. त्याच्यापूर्वी शंभर वर्षे, ५४६ मध्ये चीनला पोहोचलेल्या उज्जयिनीच्या परमार्थाने सांख्यकारिका टीकेसह चिनी भाषेत नेली होती.

हिंदू धर्म या नात्याने आपला धर्म चीनमध्ये कधी पसरला नाही, कारण परमुलखात जाऊन दीक्षा देणारा भिक्षुसंघ वैदिक परंपरेपाशी नव्हता; परंतु बुद्धाच्या परिवारात धर्मरक्षक म्हणून ब्रह्मा, इंद्रादी देवांना पूर्वीच स्थान मिळाले असल्यामुळे, सूत्रग्रंथांबरोबर हे सारे दैवतमंडळही तिकडे गेले. तुन-हुआंग येथील २८५ क्रमांकाच्या लेण्यात, जेथे ५३८ व ५३९ या वर्षांचे लेख आहेत, शिव, विष्णू आणि गणपती भिंतीवर चितारलेले दिसतात. चिनी विहाराच्या दारातील चार दिक्पालांपैकी उत्तरेचा छत्रधारी राजा म्हणजे आपला वैश्रवण कुबेर. आणि सरस्वती व लक्ष्मी यांची गणना तेथील चोवीस देवांत होते.

सर्वांत विलक्षण स्थित्यंतर झाले ते यमाचे. मृतात्म्यांचा हा अधिपती चिनी लोकांच्या हाती पडताच, राज्यकारभाराच्या त्यांच्या जुन्या शिस्तीस अनुसरून, परलोकात दहा राजांच्या दहा कचेऱ्या उभ्या राहिल्या, प्रत्येकाच्या पापपुण्याचे दप्तर ठेवणारे कारकून नेमले गेले, आणि यमराज त्यांपैकी पाचव्या कचेरीचा हाकिम होऊन बसला; चित्रगुप्ताच्या वहीशी परिचित असलेल्या आपल्या वाचकास हा कारभार परका वाटू नये. ज्योतिषाचीही वाट अशीच: गौतम सिद्ध या भारतीय वंशाच्या राजज्योतिष्याने ७१८ मध्ये नवग्रहांवरील पंचांगपद्धती चिनी भाषेत आणली, आणि राहू-केतू ही नावे त्या भाषेत रूढ झाली.

याच्या उलट, जेथे आपली दैवते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या देवळात गेली तेथे काय झाले, याचे उत्तर च्युआन-चौ या बंदरात मिळते. तमिळ व्यापाऱ्यांनी तेथे कुब्लाईखानाच्या अमदानीत, १२८१ मध्ये, शिवालय उभारल्याचा तमिळ-चिनी शिलालेख सापडला आहे. परंतु मंगोल सत्तेच्या अखेरच्या बंडाळीत परदेशी व्यापारी पांगले, देऊळ मोडले, आणि नरसिंह व कृष्ण यांच्या आकृती कोरलेले त्याचे खांब आज काय-युआन या बौद्ध विहाराच्या मागील बाजूस उभे आहेत.

यावरून असे म्हणावेसे वाटते की, परक्या समाजात देव दगडाच्या बळावर टिकत नाहीत; त्यांना त्या समाजाची भाषा, त्याचे सण, त्याचे भय आणि त्याची कचेरीसुद्धा आत्मसात करावी लागते. विसाव्या शतकात सांस्कृतिक क्रांतीच्या प्रतिकूल काळात ची श्येन-लिन या विद्वानाने १९७३ पासून वाल्मीकिरामायणाचे समग्र चिनी भाषांतर केले, आणि पाँडेचरीत दीर्घकाळ राहिलेल्या श्यू फान-छंग यांची ५० उपनिषदे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. बुद्धाचे बोट न धरता हे ग्रंथ आता स्वतःच्या नावाने चिनी वाचकापुढे आहेत. मात्र तेथवर पोहोचण्याचा मार्ग परमार्थ आणि ह्युएनत्संग यांनी घालून दिलेला तोच, भाषांतराचा, राहिला.