जुन्या गिरणीची गोष्ट

पंढरपुरात प्रदक्षिणा मार्गालगत आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी मांजरपाट, धोतरजोड्या, लुगडी सगळं सोलापूरहून यायचं. आता आषाढीला सर्वांत जास्त खपतो तो प्लास्टिकचा कागद. पाऊस आला की डोक्यावर, रात्री अंगाखाली. हे काम पूर्वी घोंगडीचं होतं. दुकानात येणारी तरुण पोरं विचारतात, "काका, प्लास्टिकनंच गिरण्या खाल्ल्या ना?" मी त्यांना बसवून सांगतो की सोलापूरच्या जुन्या गिरणीचा घात प्लास्टिक खेड्यापाड्यांत पोचायच्या कितीतरी आधी झाला.

कागदोपत्री तिचं नाव सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी. मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी ती १८७७ च्या सुमारास सुरू केली. त्याच काळात, १८७६ ते ७८, या भागात भयंकर दुष्काळ होता. रान ओस पडलेलं, माणसं कामासाठी वणवण फिरणारी आणि रेल्वे मात्र गावात आलेली. गिरणीला हात मिळाले, हातांना भाकरी मिळाली. तेलंगणातले पद्मशाली विणकर सोलापुरात वसले. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या झाल्या आणि भोंग्यावर शहर उठू-झोपू लागलं. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, तेव्हा गिरणी कामगार रस्त्यावर होते. इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन.

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली आणि संचालकांनी कामगारांना नोटीस दिली. २७ ऑगस्ट १९४९ ला गिरणी बंद पडली. देशात कापडाची टंचाई होती, म्हणजे गिऱ्हाईक नाही हे कारण नव्हतं. जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून केंद्र सरकारनं गिरणीचा कारभार हाती घेतला. एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. गैरव्यवस्थापन आणि हयगय यांमुळे उत्पादन घटलं, बेकारी आली, असं त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे. माझंही मत तेच. माल खपत असताना धंदा बुडतो तो गादीवरच्या माणसांमुळे.

चिरंजितलाल चौधरी या भागधारकानं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली: एकट्या आमच्याच कंपनीसाठी कायदा, मग समानता कुठं राहिली? डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तो हरला. एका कंपनीची परिस्थितीच वेगळी असेल तर तिच्यापुरता कायदा करता येतो, असं बहुमतानं ठरवलं. त्याआधीच सरकारनं नेमलेल्या संचालकांनी वेगळाच प्रसंग ओढवून आणला होता. शंभर रुपयांच्या प्रेफरन्स शेअरवर पन्नासच भरलेले होते. उरलेले पन्नास त्यांनी मागितले. द्वारकादास श्रीनिवास हे भागधारक न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. कंपनीचा सगळा कारभार काढून घेणं म्हणजे मालमत्ताच काढून घेणं, आणि तेही भरपाईशिवाय, म्हणून कायदा रद्द झाला. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे करावी लागली, त्यांत हा एक होता. मुदतीपुरता कारभार ताब्यात घेण्याची वाट सरकारला त्या दुरुस्तीनं मोकळी करून दिली. राज्यघटनेचा मजकूर बदलण्यात सोलापूरच्या एका गिरणीचाही वाटा होता, हे आपल्या जिल्ह्यातल्या शाळेत शिकवायला हवं.

गिरणीला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. साठच्या दशकात ती कायमची थांबली. पुढं लक्ष्मी-विष्णूही गेली.

कसब तेवढं उरलं, ते यंत्रमागांवर गल्लीबोळांत पसरलं. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी नक्षी दिसणारी चादर आणि टेरी टॉवेल यांनी सोलापूरचं नाव राखलं. दोघांना भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरी म्हणून परगावचा स्वस्त माल सर्रास विकला जातो. इथून चादर नेणार असाल तर दुकानदाराला ती कुठं विणली हे विचारा, आणि बिलावर तसं लिहून घ्या.