मणके बसविल्याने एच.आय.व्ही. हटत नाही

कोल्हापुरात मान लचकली, कंबर धरली की माणूस आधी हाडवैद्याकडे किंवा तालमीतल्या वस्तादाकडे जातो. मोबाईलमुळे आता ‘कायरोप्रॅक्टिक’ हा शब्दही घराघरांत आला आहे. मणक्याला हाताने झटका देऊन तो जागेवर बसविण्याची ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. मणका बसला की रोगप्रतिकारशक्ती वाढते, असा दावाही तिच्यासोबत फिरतो. घरात एच.आय.व्ही.चा रुग्ण असेल तर हा दावा तपासूनच घ्यावा.

याबाबत एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. तो १९९४ चा. रुग्ण एकूण दहा. पाच जणांची मान बसविली, पाच जणांची नाही. सहा महिन्यांनी पहिल्या पाच जणांच्या सीडी-४ पेशी ४८ टक्क्यांनी वाढल्या, असे त्यात म्हटले आहे. आकडा मोठा आहे, माणसे मात्र पाचच! या पेशी एकाच माणसात दिवसागणिक कमी-जास्त होतात. एवढ्यावर कोणी गोळ्या सोडल्या तर विषाणू पुन्हा वाढतो. विषाणूला रोखतात त्या एआरटीच्या गोळ्याच, आणि भारतात त्या २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

मग कंबरदुखीचे काय? ती खरी असते आणि तिच्यावर इलाज हवाच. पण एच.आय.व्ही. असलेल्याची कंबर दुखते तेव्हा आधी कारण शोधावे लागते. मणक्याचा टीबी असू शकतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खुंटलेला असू शकतो. टेनोफोव्हिर या नेहमीच्या औषधाने हाडांची घनता थोडी कमी होते. टीबीने पोखरलेल्या मणक्याला झटका बसला तर पायांतली ताकद जाऊ शकते. म्हणून ताप, रात्रीचा घाम, घटते वजन किंवा पायाला मुंग्या असतील तर कोणालाही पाठ मोडू देऊ नये. आपल्या सी.पी.आर. रुग्णालयातील एआरटी केंद्रात आधी दुखणे सांगावे. तपासणी निर्धोक निघाली तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकावा. हलकी मालिशही चालेल.

मालिश करणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. अंगाला हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. हिजामा करणार असाल तर ब्लेड मात्र दर वेळी नवे, समोर फोडलेले हवे. हा नियम सर्वांसाठीच आहे.

अनेक घरांत सून किंवा विधवा बहीण हे दुखणे लपवून सोसते, कारण कंबरेचे सांगितले तर बाकीचेही विचारतील. तिचा आजार ही आपल्याकडची अमानत आहे. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्यानेही तिच्या संमतीशिवाय तो उघड करण्यास मनाई केली आहे. केंद्रात सोबत जायचे असेल तर शेजारी ‘कंबर दाखवायला चाललो’ एवढे सांगितले तरी पुरे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. तिथे नाव सांगावे लागत नाही.