स्वतःचा स्वीकार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपले गुण, दोष, चुका आणि मर्यादा जशा आहेत तशा मान्य करणे, पण त्यांवरून माणूस म्हणून स्वतःची किंमत न ठरवणे, याला विनाअट स्वस्वीकार म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत या कल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकातून मराठी वाचकांना एलिस यांचा परिचय झालेला आहे. स्वस्वीकाराबद्दल मात्र अजूनही काही गैरसमज आढळतात.

गैरसमज: स्वतःला आहे तसे स्वीकारले की प्रगती खुंटते.
वस्तुस्थिती: स्वीकार व्यक्तीचा असतो, चुकीच्या वागण्याला त्यातून सूट मिळत नाही. गणितात नापास झालेल्या विद्यार्थ्याने ‘मी नालायक आहे’ असे ठरवले, तर सुधारण्यासारखे काही हाती लागत नाही. ‘बीजगणिताचा सराव कमी पडला’ असे म्हटले, तर उद्यापासून काय करायचे ते कळते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दज्ञानाची अवघड चाचणी दिली होती. अपयशानंतर स्वतःकडे समजुतीने पाहण्यास ज्यांना सांगितले, त्यांनी पुढच्या चाचणीच्या तयारीला इतरांपेक्षा जास्त वेळ दिला.

गैरसमज: स्वतःला धारेवर धरल्याशिवाय शिस्त लागत नाही.
वस्तुस्थिती: अपराधीपणा बोचू लागला की माणूस ज्या कामामुळे तो बोचतो, ते कामच टाळू लागतो. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात (२०१०) हे दिसून आले. पहिल्या परीक्षेपूर्वी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांची पुढच्या परीक्षेपूर्वीची चालढकल कमी झाली.

गैरसमज: स्वस्वीकार म्हणजे स्वतःबद्दल उच्च मत असणे.
वस्तुस्थिती: गुण, पगार, पद किंवा इतरांची पसंती यांवर आधारलेले स्वतःबद्दलचे मत यशाबरोबर वर चढते आणि अपयशाबरोबर खाली येते. एलिस यांचा आक्षेप या मूल्यमापनावरच होता. माणूस सतत बदलणारा आणि असंख्य गुणदोषांचा असल्यामुळे त्याला एकच गुणांक देता येत नाही, असे ते मांडत. कृतींचे मूल्यमापन मात्र करता येते आणि ते करायलाच हवे.

गैरसमज: ‘मी उत्तम आहे’ असे रोज घोकले की स्वस्वीकार जमतो.
वस्तुस्थिती: वॉटर्लू विद्यापीठाशी संबंधित संशोधकांच्या २००९ मधील प्रयोगांत, ज्यांचे स्वतःबद्दलचे मत आधीच खालावलेले होते त्यांना अशी वाक्ये म्हटल्यावर अधिकच वाईट वाटले. न पटणारी स्तुती मनात उलट पुरावे जागे करते. स्वस्वीकारात खोट्या स्तुतीची गरज नसते. ‘माझे चुकले, आणि चुका करणारा माणूस म्हणून मी स्वतःला स्वीकारतो’ हे विधान वस्तुस्थितीला धरून असते.

गैरसमज: स्वस्वीकार हा जन्मजात स्वभाव आहे.
वस्तुस्थिती: तो सरावाने शिकता येतो. तरुणपणी एलिस यांना मुलींशी बोलण्याची धास्ती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या एका वनस्पती उद्यानात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी संभाषण सुरू केले. त्यातून मैत्री जुळली नाही, पण नकार मिळाल्याने काही बिघडत नाही हे अनुभवाला आले आणि भीती ओसरली, असे ते सांगत. पुढे लाज घालवण्यासाठी मुद्दाम निरुपद्रवी पण विचित्र वाटेल असे वागण्याचे सराव त्यांनी उपचारातही आणले.

गैरसमज: स्वस्वीकार जमला की उपचारांची गरज नाही.
वस्तुस्थिती: दीर्घकाळची उदासी, झोप-भूक बिघडणे किंवा आत्महत्येचे विचार असतील तर तज्ज्ञांची मदत आवश्यक असते. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. मदतीची गरज मान्य करणे हाही स्वस्वीकाराचाच भाग आहे.