कोर्लईची ‘नो लिंग’

मुंबईंत झेवियर हें नांव ऐकलें नाहीं, असा सुशिक्षित मनुष्य विरळाच. पण हें नांव मूळचें पोर्तुगीज नव्हे, तर बास्क आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. ‘एचे बेरी’ म्हणजे नवें घर. त्याचाच हा अपभ्रंश. फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकास राहणाऱ्या बास्क लोकांची भाषा कोणत्याहि ज्ञात भाषाकुलांत बसत नाहीं. रोमन लेखकांनीं तेथील एका जमातीस ‘व्हास्कोनेस’ म्हटलें, त्यावरून ‘बास्क’ हें नांव पडलें. ते स्वतःस मात्र ‘एउस्काल्दुन’ म्हणवितात. म्हणजे काय? तर ज्यापाशीं एउस्कारा भाषा आहे तो.

इतक्या दूरची गोष्ट सांगण्याचें कारण, आपली भाषा हीच आपली ओळख मानणारी एक लहानशी वस्ती आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरहि आहे. रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशीं, किल्ल्याच्या डोंगरालगत कोर्लई हें गांव वसलें आहे. तेथील ख्रिस्ती लोक आपल्या बोलीस धर्मावरून ‘क्रिस्ती’ म्हणतात आणि ‘नो लिंग’ असेंहि म्हणतात. यांतील ‘लिंग’ व्याकरणांतलें नव्हे. पोर्तुगीज ‘लिंग्वा’ म्हणजे भाषा, तिचा अन्त्य स्वर गळाला. ‘नो लिंग’ म्हणजे आपली भाषा.

पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं चौल येथें किल्ला बांधावयास घेतला व १५९४ सालीं कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. शिपाई, त्यांच्या संसारांतील एतद्देशीय स्त्रिया आणि पदरचे चाकर यांच्या व्यवहारांतून ही बोली घडली. १७४० सालीं हा मुलूख मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज निघून गेले, बोली मागें राहिली. धर्म निराळा, त्यामुळें सोयरिकी आपसांतच. म्हणून ती घराघरांतून टिकली.

मला खरें नवल वाटतें तें तिच्या घडणीचें. शब्द बहुतांशीं पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं! पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गण तिनें राखले. परंतु मराठीवरून घेतलेल्या क्रियापदांस त्यांत न कोंबतां त्यांच्यासाठीं ‘उ’कारान्त असा चौथा गण निर्माण केला. पाहुण्यासाठीं घराला एक खोलीच वाढविली म्हणाना! अमेरिकन भाषापंडित क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनीं १९९६ सालीं या बोलीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

बास्क भाषेस १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानें राजमान्यता मिळाली. तिच्या शाळा आहेत, बोलणारे कित्येक लाख आहेत. कोर्लईच्या बोलीचे भाषक मात्र हजाराच्या आसपास. शाळा मराठी, प्रार्थनाहि मराठी. १९८६ सालीं खाडीवर पूल झाला आणि पूर्वी होडीनें गांठावें लागणारें रेवदंडें अगदीं दाराशीं आलें. बाजार, नोकरी, पुढचें शिक्षण, सारें पुलापलीकडे. आणि तिकडे जाणारीं मुलें मराठी बोलतच जातात. संध्याकाळीं घरीं परतल्यावर तीं आईशीं कोणत्या भाषेंत बोलतात, त्यावर आतां सारें अवलंबून आहे.