देठाने पाडलेलं भोक

काचेच्या मण्याला भोक पाडायचं, तर हाती काय हवं? घानाच्या ईस्टर्न प्रांतात, ओदुमासे क्रोबोच्या आसपासचे कारागीर हे काम एका पानाच्या देठाकडून करून घेतात. ज्याच्या कंदाचा आपण साबुदाणा करतो, त्या कसाव्याच्या पानाचा देठ!

मातीच्या साच्यात ओळीने खळगे असतात, अगदी आपल्या अप्पेपात्रासारखे, पण फार लहान. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मधोमध बारीकशी खाच. तिच्यात देठाचा तुकडा उभा रोवायचा आणि भोवती काचेची पूड भरायची. ही पूड म्हणजे टाकून दिलेल्या बाटल्या, जड लोखंडी दांड्याने कुटून बारीक चाळलेल्या. काच चिकटू नये म्हणून साच्याला आधी पांढऱ्या मातीचा हात दिलेला असतो. मग साचा भट्टीत जातो, आणि ती भट्टीसुद्धा वारुळाच्या मातीची.

आत जे घडतं ते मला जादूच्या जवळचं वाटतं, कारण कळल्यावरही त्यातलं नवल कमी होत नाही. काचेला ठरावीक वितळणबिंदू नसतो. तापत जाते तशी ती मऊ होते, मग चिकट, मग पातळ. साधारण 800 अंश सेल्सिअसच्या आसपास पुडीचा एक कण शेजारच्या कणाला घट्ट धरतो, पण वाहून जात नाही. तेवढ्या वेळात देठ जळून राख झालेला असतो आणि त्याची जागा मात्र तशीच मोकळी राहिलेली असते. साचा बाहेर आला की मणी गरम असतानाच कारागीर टोच्याने एकेक फिरवतो. भोक साफ होतं, कड गोल होते. गार झालेले मणी दगडावर वाळू-पाण्यात घासले की त्यांना मंद झळाळी येते.

दुसरी तऱ्हा आरपार दिसणाऱ्या मण्यांची. तिथे पूड लागत नाही, काचेचे तुकडेच खळग्यात ठेवतात आणि अधिक तापवतात. देठही नसतो. काच मऊ असताना टोच्या खुपसून भोक पाडायचं आणि त्याच दमात मणी साच्यात गरगर फिरवून गोल करायचा. काच थंड व्हायच्या आत हे सगळं उरकावं लागतं. हाताला इतकं अचूक वळण पडायला किती मणी वाया जात असतील!

या मण्यांचा रंगही बाटलीचाच असतो. बिअरच्या बाटलीचा तपकिरी रंग लोह आणि गंधक यांच्या जोडीतून येतो, हिरव्या बाटल्यांचा लोहातून किंवा क्रोमियममधून, गडद निळा कोबाल्टमधून. हे घटक काचेच्या अंगातच मिसळलेले असल्यामुळे बाटली फुटली, पुन्हा तापली, तरी रंग टिकतो. पांढऱ्या काचेच्या पुडीत मात्र वरून रंग मिसळतात आणि एकावर एक थर देऊन पट्टे उमटवतात.

जुन्या काचेतून नवा दागिना करायची ही कल्पना आजची नाही. दक्षिण आफ्रिकेत मापुंगुब्वेजवळच्या के-2 या वसाहतीत सुमारे 1000 वर्षांपूर्वी लोक हिंदी महासागराच्या व्यापारातून आलेले बारीक मणी वितळवून, मातीच्या साच्यात घालून मोठे मणी घडवत होते. समुद्र ओलांडून आलेल्या त्या मण्यांची काच दक्षिण आशियातली होती, आपल्याच बाजूची. हे वाचलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो.

घानात ओदुमासेच्या परिसरात राहणाऱ्या क्रोबो लोकांसाठी मणी ही केवळ हौस नाही. मुली वयात येताना होणाऱ्या 'दिपो' या विधीत त्यांच्या कमरेला, गळ्याला मण्यांचे सर चढतात. घराण्याचे जुने मणी त्या दिवशी पेटीतून बाहेर निघतात. कोफोरिदुआ शहरात दर गुरुवारी मण्यांचा मोठा बाजार भरतो.

पण मणी बाटलीपासून झाला एवढ्याने त्याचा व्यवहार न्याय्य होत नाही. काच कुटताना उडणारी धूळ छातीत जाते, भट्टीची धग अंगावर येते, आणि बाटल्या-सरपणाचा खर्च मणी विकला जायच्या आधीच करावा लागतो. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची 10 तत्त्वं याच जागांवर बोट ठेवतात: योग्य मोबदला, सुरक्षित काम, बालमजुरीला मनाई. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती आगाऊ रकमेची अट. हस्तकलेच्या मालासाठी कारागिराने मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी, आधी द्यायची. म्हणजे सरपणासाठी सावकाराकडे जावं लागत नाही. घानात 2003 साली सुरू झालेली ग्लोबल मामाज ही संस्था याच वाटेने क्रोबोच्या मण्यांचे दागिने परदेशी पोचवते.

असा सर विकत घेताना भावाची घासाघीस करण्याआधी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: मणी कोणत्या गावात घडले, आणि घडवणाऱ्याच्या हाती पैसे कधी पडले.