फिरणाऱ्या भोंग्याचा आवाज कीबोर्डमधून कसा काढावा?

मागच्या वर्षी गॅदरिंगला आमच्या बँडने एक जुनं इंग्लिश रॉक गाणं घेतलं होतं. मधला ऑर्गनचा मोठा पीस माझ्याकडे होता. रूमवर हेडफोन लावून तीन आठवडे प्रॅक्टिस केली. स्टेजवर एकही नोट चुकली नाही. पण पीस सुरू झाला आणि मागच्या रांगेतून फायनल इयरचं कोणीतरी ओरडलं, "अगं, आरती संपली की सांग!" सगळा हॉल हसला. नोट्स बरोबर, टायमिंग बरोबर, तरी आवाज खेळण्यातल्या पेटीसारखा. असं का झालं ते शोधायला मला जवळजवळ एक अख्खी सेमिस्टर लागली. (जर्नल उशिरा सबमिट होण्याचं खरं कारण हेच होतं सर, सॉरी.)

आधी एक घोळ मिटवू. ऑर्गन म्हटलं की आपल्याला एकतर चर्चमधला पाइप ऑर्गन आठवतो, नाहीतर संगीत नाटकात साथीला असायचा तो पायाने भाता मारायचा ऑर्गन, म्हणजे पायपेटी. रॉक, जॅझ आणि अमेरिकेतल्या गॉस्पेल चर्चमध्ये ऐकू येतो तो तिसराच प्राणी आहे, हॅमंड ऑर्गन. लॉरेन्स हॅमंड हा मूळचा इलेक्ट्रिक घड्याळं बनवणारा इंजिनिअर. घड्याळातलीच सिंक्रोनस मोटर वापरून त्याने १९३५ मध्ये हा ऑर्गन बाजारात आणला. आत दातेरी लोखंडी चकत्या फिरतात, प्रत्येक चकतीसमोर मॅग्नेट आणि कॉइल. म्हणजे एका पेटीत ९१ छोटे आल्टरनेटर! मोटर सेकंदाला २० फेरे मारते, 'ए' सुराच्या गिअरचं गुणोत्तर ११/८, चकतीला १६ दाते. गुणाकार करून बघा, बरोबर ४४० हर्ट्झ येतात. गंमत म्हणजे अमेरिकेतला ६० हर्ट्झवाला हॅमंड तसाच आपल्या ५० हर्ट्झच्या प्लगमध्ये लावला तर तो तीन सेमीटोनपेक्षा जास्त खाली वाजेल. मशीन्सच्या ओरलला विचारण्यासारखा प्रश्न आहे.

पण नुसता हॅमंड तसा सपाटच वाजतो. खरी जादू शेजारच्या साडेतीन फुटी लाकडी कपाटात असते. डॉन लेस्ली नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९३७ मध्ये हॅमंड घरी आणला. शोरूमच्या मोठ्या हॉलमध्ये भारी वाटलेला आवाज घरी एकदम मेलेला वाटला. मग त्याने स्पीकरसमोर भोंगा फिरवून बघितला आणि १९४० च्या सुमारास लेस्ली स्पीकर तयार झाला. हॅमंड कंपनीला त्यात अजिबात रस वाटला नाही. वाजवणाऱ्यांनी मात्र तो उचलून धरला.

आत काय असतं बघा. ४० वॉटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर. मग क्रॉसओव्हर, जो ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज वर पाठवतो आणि खालचा खाली. वर दोन तोंडांचा भोंगा गोल फिरतो. त्यातलं एक तोंड बंद असतं, ते फक्त बॅलन्सिंगसाठी (थिअरी ऑफ मशीन्स कुठे कुठे भेटतं!). खाली १५ इंची वूफर जमिनीकडे तोंड करून बसवलेला, आणि त्याच्याखाली एक ड्रम उलट दिशेने फिरतो. स्पीड दोनच. स्लो म्हणजे मिनिटाला साधारण ४०-४५ फेरे, फास्ट म्हणजे ४०० च्या आसपास, ड्रमचे थोडे कमी.

आता हे फिरणं कानाला काय करतं? लहानपणी टेबल फॅनसमोर तोंड धरून सगळ्यांनी "आऽऽऽ" केलेलं आहे. आवाज कापला जातो, कमी-जास्त होतो. ही झाली पहिली गोष्ट, अँप्लिट्यूड मॉड्युलेशन. दुसरी गोष्ट डॉप्लर. न थांबता जाणारी एक्स्प्रेस प्लॅटफॉर्मवरून गेली की हॉर्नचा सूर कसा खाली पडतो, तेच इथे सेकंदाला सहा-सात वेळा होतं. भोंग्याची त्रिज्या साधारण १९ सेंटिमीटर धरा. ४०० आरपीएमला भोंग्याचं तोंड सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरतं. आवाजाचा वेग ३४५ मीटर. भागाकार केला की २.३ टक्के, म्हणजे सूर जवळजवळ ४० सेंट वर आणि तेवढाच खाली जातो. एक सेमीटोन १०० सेंटचा, म्हणजे हा फरक कमी नाही. स्लोवर हाच फरक साडेचार सेंटवर येतो, त्यामुळे आवाज नुसता श्वास घेतल्यासारखा वाटतो.

खरं वाटत नसेल तर मोबाईलवर १००० हर्ट्झचा टोन लावा, मोबाईल सॉक्समध्ये घाला, मीटरभर दोरी बांधा आणि कॉरिडॉरमध्ये सेकंदाला एक फेरा या स्पीडने फिरवा. लांब उभ्या असलेल्या रूममेटला सूर हलताना स्पष्ट ऐकू येईल. मोबाईल फुटला तर संपादक मंडळ जबाबदार नाही.

आता माझं कुठे चुकलं ते. मी कीबोर्डवर "रॉक ऑर्गन" निवडला होता, कारण त्यात लेस्लीचं फिरणं आधीच ऐकू येतं. तिथेच घात झाला. हे फिरणं रेकॉर्डिंगमध्ये भाजलेलं असतं. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीचं वेगळं रेकॉर्डिंग नसतं. एकच सॅम्पल जोरात किंवा हळू चालवून आजूबाजूचे सूर काढतात. मग तीन सेमीटोन वरचा सूर काढताना फिरण्याचा स्पीडही १९ टक्के वाढतो. तीन बोटांची कॉर्ड धरली की तीन वेगवेगळे भोंगे तीन वेगवेगळ्या स्पीडने फिरतात, आणि प्रत्येक जण पट्टी दाबल्याच्या क्षणापासून नव्याने सुरुवात करतो. खऱ्या लेस्लीत सगळे सूर एकाच भोंग्यातून, एकत्र फिरत बाहेर येतात. कानाला गणित येत नाही, पण खोटेपणा लगेच कळतो. आरती म्हणणाऱ्याचा तरी काय दोष!

म्हणून पहिला नियम: फिरणं नसलेला, कोरडा ड्रॉबार ऑर्गन निवडायचा आणि रोटरी इफेक्ट शेवटी सगळ्या आवाजावर एकदाच लावायचा. कीबोर्डमध्ये रोटरी नसेल तर यूएसबीने लॅपटॉपला जोडा. सेटबीफ्री नावाचा ओपन सोर्स प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात चकत्या आणि लेस्ली दोन्हीचं गणित आहे. इफेक्टच्या आत मुख्य काम एका बदलत्या डिलेचं असतं. भोंगा १९ सेंटिमीटर जवळ-लांब होतो म्हणजे डिले अर्धा मिलिसेकंद इकडे-तिकडे, ४४,१०० सॅम्पलिंगला २४ सॅम्पल. मधल्या अपूर्णांकांसाठी इंटरपोलेशन करावं लागतं. एम-थ्रीमध्ये शिकलेलं इंटरपोलेशन कशासाठी असतं, ते मला इथे कळलं.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: स्पीड बदलणं. कायम फास्टवर ठेवलेला लेस्ली पाच मिनिटांत डोकं उठवतो. मजा आहे ती स्लोवरून फास्टवर जाताना. वरचा भोंगा हलका, तो सेकंदभरात स्पीड पकडतो. खालचा ड्रम जड, त्याला चार-पाच सेकंद लागतात. त्या मधल्या वेळात वर आणि खाली दोन वेगळ्या लयी चालू असतात आणि अंगावर काटा येतो. मोमेंट ऑफ इनर्शिया ऐकू येतो म्हणा ना! तेव्हा इफेक्टमध्ये हॉर्न आणि ड्रमचे ॲक्सिलरेशन वेगवेगळे सेट करता येतात का ते आधी बघा. स्विच मॉड्युलेशन व्हीलवर किंवा पायाशी घ्या, आणि कॉर्ड धरून ठेवलेली असताना बदला. ओळीत स्लो, ओळ संपताना फास्ट.

बाकीचं पटकन. टच रिस्पॉन्स बंद करा. हॅमंडची पट्टी म्हणजे नुसता स्विच, जोरात मारली तरी आवाज तेवढाच. प्रत्येक पट्टीखाली नऊ कॉन्टॅक्ट असतात आणि ते जुळताना 'टक्' असा बारीक आवाज येतो. हॅमंडच्या लोकांना तो दोष वाटायचा, वाजवणाऱ्यांना आवडला. तुमच्याकडे की-क्लिक असेल तर थोडा ठेवा. सस्टेन पेडल काढून बॅगेत टाका, त्या जागी व्हॉल्यूमचं पेडल लावा. सुरुवातीला पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, बाकी सहा आत. ओव्हरड्राइव्ह रोटरीच्या आधी लावायचा, कारण खऱ्या कपाटात अँप्लिफायर आधी आणि भोंगा नंतर. उलट लावलात तर फिरणं चिखलात जातं. रिव्हर्ब सगळ्यात शेवटी.

आणि हॉलचं एक राहिलं. हेडफोनवर छान वाटणारं माझं सेटिंग हॉलमध्ये आणखी मेलं, त्याचं कारण मला मार्चमध्ये सापडलं. इफेक्टमध्ये दोन माइक समोरासमोर ठेवल्याचं गणित असतं. डावा चढतो तेव्हा उजवा उतरतो. आपल्या हॉलचा मिक्सर दोन्ही लाइन एकत्र करून मोनो पाठवतो. एक चढतोय, एक उतरतोय, बेरीज सपाट! सिंपल कॅन्सलेशन. साउंड सिस्टीम सांभाळणाऱ्या मामांना मी हे कागदावर दोन साइन वेव्ह काढून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, मग एकच वायर लावा ना." बरोबर आहे. मोनो असेल तर एकच आउटपुट घ्यायचं, नाहीतर दोन चॅनल घेऊन एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे.

यंदाच्या गॅदरिंगसाठी मामांनी दोन चॅनल द्यायचं कबूल केलंय. तेच गाणं परत घेतलंय. फायनल इयरचे ते दादा पास होऊन गेले, नाहीतर त्यांना पहिल्या रांगेत बसवलं असतं.